मोतीचा भाद्रपद

'खच्ची' हा शब्द मराठीत आता बैलापेक्षा माणसाविषयीच अधिक वापरला जातो. कोणाचा उत्साह मारला, कोणाला भर सभेत गप्प बसविले, की त्याचे खच्चीकरण केले असे आपण म्हणतो. त्यामुळेच की काय, घरच्या कुत्र्याविषयी हा विषय निघताच घरातील पुरुषमंडळी अकारण अस्वस्थ होतात. आमचे थोरले बंधू तर 'जेवताना हे बोलू नये' एवढेच म्हणून पानावरून उठले. सरकारी मराठीत याच क्रियेला निर्बीजीकरण म्हणतात. शब्द निरुपद्रवी आहे, पण तो शेतकी खात्यातून आल्यासारखा वाटतो आणि घरात कोणाच्या तोंडी बसत नाही. सहा महिने आमच्या घरी या गोष्टीचा उल्लेख 'मोतीचे ते' असाच होत असे.

मोती आमच्याकडे पौषात आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. आई गावठी, बाप वरच्या वाड्यावरचा लॅब्राडोर, अशी त्याची वंशावळ शेजाऱ्यांनी सांगितली. त्याचे पंजे पाहता ती खरी असावी. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. भाद्रपदात जे व्हायचे ते झाले की कार्तिकात पिल्ले होतात, आणि आमच्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात तेव्हा ती पिल्ले खाज्याच्या दुकानांच्या फळ्यांखाली रांगत असतात. त्यांतली किती पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरतात, हे पणजी-फोंडा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगावयास नको. मोती त्यांतला एक उरलेला.

प्रथम विरोध केला तो मातोश्रींनी. 'मोन्या जिवाक कित्याक दुखयता रे?' हा त्यांचा पहिला प्रश्न. नंतर शास्त्रार्थ आला: दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान, भैरवाचे वाहन श्वान, आणि धर्मराजाने ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला तोही श्वानच. यावर वाद घालणे कठीण. तथापि धर्मराजामागून चालत गेलेला तो कुत्रा स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या इच्छेने गेला होता. आमच्या मोतीला फाटकाबाहेर जायचे तर आमच्या हातातल्या दोरीनेच जावे लागते. त्याचे खाणे, निजणे, फिरणे, स्नान हे सर्व आम्ही ठरवितो, मग एवढ्या एका बाबतीत निसर्गाचा दाखला देणे आम्हांस पटेना. शिवाय आमच्या वडिलांच्या लहानपणी घरी नांगराचे बैल होते. ते बैल कसे झाले, हा प्रश्न दत्तजयंतीच्या उत्सवात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

या प्रसंगाने आम्हांस सम्राट अशोकाची आठवण झाली. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, बैल, बोकड, मेंढे व डुक्कर यांना अमुक दिवशी खच्ची करू नये असा हुकूम आहे. पक्षातील अष्टमी, चतुर्दशी, पंचदशी, पुष्य व पुनर्वसू नक्षत्रे आणि चातुर्मासी पौर्णिमा असे हे दिवस. ज्या राजाने प्राण्यांसाठी इतके केले, त्यानेही ही क्रिया समूळ बंद केली नाही. केव्हा करू नये एवढेच सांगितले. मातोश्रींना हे वाचून दाखविले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'तर मग निदान चातुर्मासात नको.' आम्हांस हा अर्धा होकार वाटला.

त्या होकारामागे दुसरेही एक कारण होते, आणि ते शास्त्रातले नव्हते. आठव्या महिन्यात मोतीने तंगडी वर करण्यास आरंभ केला, आणि साऱ्या अंगणात त्याला पसंत पडले ते तुळशीवृंदावन. रोज सकाळी वृंदावन धुऊन मगच दिवा लावावयाचा, असे दोन आठवडे चालले. तेवढ्यात 'मोन्या जिवा'विषयीचा त्यांचा सूर बराच उतरला होता.

पशुवैद्य मात्र आमच्या कल्पनेपेक्षा सावध निघाले. 'करावे की नाही' यापेक्षा 'केव्हा' हा प्रश्न अवघड आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्वी सहाव्या महिन्यातच उरकून टाकावे असा सर्रास सल्ला असे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या आणि २०२० साली पस्तीस जातींच्या कुत्र्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिने हा सल्ला डळमळीत झाला. हाडांच्या टोकांशी वाढीचे जे पट्टे असतात ते बंद होण्याचा इशारा याच ग्रंथींच्या रसांतून मिळतो. तो इशारा लवकर काढून घेतला तर हाडे गरजेपेक्षा लांबतात, आणि थोराड कुत्र्यांत कंबर, कोपर व गुडघा यांचे विकार वाढलेले दिसतात. लहान चणीच्या कुत्र्यांत हा फरक फारसा आढळला नाही. संकर जातीच्या ज्या कुत्र्यांचे वजन वीस किलोंहून अधिक होणार, त्यांच्या बाबतीत वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबणे बरे, असे त्याच संशोधकांचे म्हणणे. मोती पंचवीसच्या घरात जाणार हे त्याच्या पंजांवरूनच दिसत होते.

जमाखर्च मांडला तर तो एकतर्फी नाही. शस्त्रक्रियेने वृषणाची गाठ होण्याचा प्रश्न मिटतो, उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी सुजत नाही, हुंदडणे आणि जागोजाग मुतणे बहुधा कमी होते. उलट वजन वाढते. भित्रेपणातून आलेला तापटपणा असेल तर तो जात नाहीच, क्वचित वाढतोही. नॉर्वेत सबळ कारणाशिवाय ही शस्त्रक्रिया करण्यास कायद्याचीच आडकाठी आहे, आणि तेथील कुत्री काही रस्तोरस्ती पिल्ले घालीत नाहीत. मात्र तेथे कुत्रा मोकळा सुटत नाही, आणि त्याला भुलविणारी मोकाट कुत्रीही वाटेवर नसते. आमच्या अंगणाच्या फाटकाविषयी असे म्हणता येणार नाही.

आणि येथेच खरी अडचण होती. हाडांचा विचार केला तर कार्तिकापर्यंत थांबावयास हवे. मोतीला दहावा महिना लागणार भाद्रपदात. चवथीच्या दिवसांत आमच्या घरी फाटक म्हणून राहतच नाही. माटोळीची फळे आणणारे, भजनी मंडळी, मुंबईचे आप्त, आरतीला आलेली मुले, कोण केव्हा आत आला आणि कोणी फाटक लोटले नाही, याचा हिशेब गणपतीलाच ठाऊक. नेमक्या त्याच पंधरवड्यात वाड्यावरच्या कुत्र्या माजावर. त्यांचा वास वाऱ्यावर दूरवर जातो. मोतीने चार दिवस अन्न टाकले, रात्रभर एका सुरात रडला, आणि कुंपणाखाली हातभर खड्डा उकरला. त्याच्या डोळ्यांतले ते पिसाट दैन्य पाहून 'त्याचे सुख हिरावून घेऊ नका' म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या ओसरीवर काढावी असे वाटले. सुख असे नसते.

पण आम्ही थांबलो. मागील दारी साखळी, दोन वेळा दोरीने फेरी, फाटकावर धाकट्या पुतण्याचा पहारा. पहाऱ्याचे वेतन दर दिवशी दोन मोदक, आणि ते चोख वसूल झाले. त्याच महिन्यात वाड्यावरच्या एका तांबड्या कुत्र्याचा कान झोंबीत फाटून त्यात किडे पडले. दुसऱ्या एकाला ती संसर्गजन्य गाठ झाली, जी मैथुनातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत ती फार आढळते. तिच्यावर दर आठवड्याला शिरेतून द्यावयाचे औषध आहे आणि ते बहुधा लागू पडते, पण ज्याला घर नाही त्याला दर आठवड्याला धरून नेणार कोण?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी. एका मोतीला आवरल्याने जत्रेतली पिल्ले कमी होतील, असा आमचा भ्रम नाही. वाड्यावर एक नर शिल्लक असला तरी सर्व कुत्र्या गाभण राहू शकतात. संख्या आवरावयाची तर कुत्र्यांच्या माद्यांकडेच आधी वळावे लागते. रेबीजचेही तसेच. २०२१ साली गोवे राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले, ते वर्षानुवर्षे घरोघर आणि गल्लोगल्ली केलेल्या लसीकरणाच्या बळावर. तेव्हा समाजसेवेचा टिळा लावून आम्ही हे केले नाही. मोतीसाठी केले, आणि थोडेसे वृंदावनासाठी.

देवस्थानची जत्रा आटोपली, फटाके थांबले, आणि माघात, मोती पंधरा महिन्यांचा असताना, त्याला नेले. आदल्या रात्रीपासून उपास. मातोश्रींनी त्याच्यासोबत स्वतःही फराळावर भागविले, कारण विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही. शस्त्रक्रिया लहान असते. संध्याकाळी तो झोकांड्या खात स्वतःच गाडीतून उतरला. त्यानंतरचे बारा दिवस गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालून तो घरभर दारांच्या चौकटींवर आदळत होता, आणि थोरले बंधू, जे पानावरून उठले होते, ते त्याला हाताने पाणी पाजीत होते. पुढचे काही आठवडे नर फलक्षम राहू शकतो, म्हणून पहाराही चालू ठेवला. या वेळी मोदक नव्हते, त्यामुळे तो आम्हांसच करावा लागला.

अन्न एक पंचमांश कमी करा, असे वैद्यांनी बजावले होते. ते कमी झाले ते आमच्या देखत. स्वयंपाकघराच्या मागील दारी काय चालते याचा पुरावा मोतीच्या बरगड्यांवर दिसू लागला आहे. सव्वीस किलोंचा तो आता अठ्ठावीस भरतो. दुसऱ्या भाद्रपदात तो ओसरीवर निजून राहिला, एकदा मान वर करून वारा हुंगला आणि पुन्हा मान टेकली. टपालवाल्यावर पूर्वीइतकाच भुंकतो. वृंदावन सुटले, मात्र शेजाऱ्यांच्या स्कूटरचे मागचे चाक अद्याप सुटलेले नाही.