लोहाघाटचं देणं

चंपावत जिल्ह्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते बहुतेक लोहाघाटच्या एका निवृत्त शाळामास्तरांमुळे. १९९७मध्ये पिथौरागडमधून वेगळा काढलेला हा कुमाऊंचा जिल्हा. आपल्याकडचे प्रवासी नैनितालपर्यंत जातात आणि तिथूनच मागे फिरतात. मीसुद्धा टनकपूरहून पिथौरागडला निघालो होतो. पुढे दरड कोसळली आणि जीपवाल्याने सगळ्यांना लोहाघाटला उतरवलं. शेजारच्या सीटवर हेच मास्तर होते, तिकडच्या भाषेत ‘मासाब’. त्यांनी आडनाव विचारलं. ‘जोशी’ म्हटल्यावर म्हणाले, “मग हॉटेल कशाला? आम्ही पंत. आमचे पूर्वज कोकणातलेच.” कुमाऊंची पंत घराणी असंच सांगतात, गोविंद वल्लभ पंतांचं घराणंही त्यातलंच. इतक्या पिढ्यांची वंशावळ कोण तपासणार? मला मात्र त्या जोरावर चुलीशेजारी जागा मिळाली.

पावसात भिजल्याने ताप भरला होता. दुसऱ्या दिवशी मासाब मला देवदारांतून मायावतीला घेऊन गेले. विवेकानंदांच्या सांगण्यावरून सेव्हियर दांपत्याने १८९९मध्ये इथे अद्वैत आश्रम काढला. कॅप्टन सेव्हियर वारल्यावर त्यांच्या पत्नीला भेटायला स्वामीजी १९०१च्या जानेवारीत, भर बर्फात, इथवर आले होते. आश्रमात मूर्ती नाही, पूजाअर्चा नाही. धर्मादाय दवाखाना मात्र आहे. डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या, पैसे कुणी मागितले नाहीत. मासाब बाहेर बाकावर पेपर वाचत बसून होते.

अंगात जरा त्राण आल्यावर त्यांनी चंपावतचं बालेश्वर मंदिर दाखवलं. सोळाव्या शतकात अल्मोड्याला हलेपर्यंत चंद राजांची राजधानी इथेच होती. असं काम पुन्हा कुठे होऊ नये म्हणून राजाने कारागिराचा हात तोडला आणि त्याने उरलेल्या एका हाताने रानात अख्खं नौलं, म्हणजे झऱ्यावरची दगडी बांधणीची विहीर, कोरून काढलं अशी कथा आहे. ‘एक हथिया नौला’ तेच. कथा खरी असो-नसो, दगडातल्या बायका आजही डोक्यावर घडे घेऊन उभ्या आहेत.

चंपावतच्या वाघिणीचा विषय मात्र मासाबांना फारसा आवडत नसे. ४३६ माणसं मारल्याची नोंद असलेली ती नरभक्षक जिम कॉर्बेटने १९०७मध्ये इथेच टिपली. “तिच्या उजव्या बाजूचे सुळे गोळी लागून आधीच तुटले होते, हे कुणी विचारत नाही,” एवढंच ते म्हणाले.

जिल्ह्यातल्याच देवीधुरा गावची गोष्ट सांगावी ती मासाबांच्या आईनेच. आमा भांगेच्या बियांची चटणी वाटता वाटता सांगायच्या. तिथल्या वाराही देवीला चार खामांमधून, म्हणजे कुळांमधून, पाळीपाळीने नरबळी द्यावा लागे. एका म्हातारीच्या एकुलत्या नातवाची पाळी आली. तिने देवीला साकडं घातलं, आणि तेव्हापासून राखीपौर्णिमेला चारही खाम एकमेकांवर दगड फेकून एका माणसाचं होईल एवढं रक्त देवीला देतात. ती बग्वाल. कोर्टाच्या आदेशानंतर आता फळं-फुलं फेकतात. तरी दगड उडतातच. पाटा थांबवून आमा म्हणाल्या, “देवीचं देणं कमी करून मागता येतं, बुडवता येत नाही.”

रस्ता मोकळा झाल्यावर पैशाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्याकडची गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ, नुसती मीठ-जिऱ्यावर. घरी पोहोचल्यावर मी रत्नागिरीची आमसुलं टपालाने पाठवली आणि डाळीत दोन टाका म्हणून लिहिलं. महिन्याभरात उलट पार्सल आलं: काळे भट्ट म्हणजे काळं सोयाबीन, राजमा, भांगेच्या बिया, माझ्या आमसुलांच्या चौपट वजनाचं. सोबत मासाबांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. आमांना आमसुलं फार आंबट लागली, तरी पुढच्या खेपेला थोडी जास्त पाठवा, शेजारीही मागताहेत.