आधी खणणे, मग खत

लाखनीच्या परिसरात ‘खत’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे धानाची बांधी उभी राहते. पऱ्हे, रोवणी, बांधीत साचलेले पाणी आणि त्यात फेकलेला युरिया. कोहळी समाजाच्या जलविद्येने आणि जुन्या मालगुजारी तलावांनी या झाडीपट्टीला पाण्याची अशी सवय लावली आहे की, पाण्यावाचून खत ही कल्पनाच येथे कोणाला सुचत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची मुलगी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका अवर्षणप्रवण गावी दिलेली आहे. गेल्या पावसाळ्यात जावईबापूंचा निरोप आला. बाजरी महिन्याची झाली, पाने पिवळी पडली, पंधरा दिवस पाऊस नाही. चार एकरांना युरिया आणि मिश्रखत द्यायचे आहे, आठ हजार रुपये पाठवावेत. सासऱ्यांनी बचत गटातून कर्ज काढायचे ठरविले आणि जाता जाता मला विचारले, “फादर, पाठवू ना?” धानाच्या हिशोबाने त्यात विचारण्यासारखे काहीच नव्हते. पीक पिवळे पडले म्हणजे युरिया द्यावा.

परंतु बाजरीचा हिशोब निराळा आहे. कोरडवाहू बाजरीला स्फुरद आणि पालाश पेरणीच्याच वेळी, बियाण्याच्या खाली पडले पाहिजे. स्फुरद मातीत जागचे हलत नाही. मूळ जिथे जाईल तिथेच ते असावे लागते. म्हणून तर आपल्याकडे दोन चाड्यांची पाभर आली, एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत. महिन्याच्या पिकावर वरून फेकलेले मिश्रखत बव्हंशी वायाच जाते. नत्राचा अर्धा हप्ता पेरणीबरोबर आणि उरलेला पंचवीस-तीस दिवसांनी द्यावा असे सांगतात खरे. पण त्याच वाक्यात ‘जमिनीत ओल असल्यास’ असे शब्द असतात आणि नेमके तेच वाचायचे राहून जातात. कोरड्या मातीवर युरिया नुसता पडून राहतो. वर चार थेंब शिंतोडले तर तो विरघळतो. मुळापर्यंत न पोहोचता त्याचा अमोनिया होऊन बराचसा हवेत निघून जातो. आणि ओल अपुरी असताना पिकाने नत्र घेतलेच, तर पाला माजतो. तो पाला जमिनीतले शिल्लक पाणी पिऊन टाकतो आणि कणसात दाणा भरायच्या वेळी मुळाशी काही उरत नाही.

सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीची तर याहून कडक शिस्त. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या भारी जमिनीत पेरली जाते आणि पुढे साठलेल्या ओलीवरच जगते. तिला काय द्यायचे ते एकदाच, पेरताना. या शिस्तीचा अभ्यास आजचा नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालू आहे.

याचा अर्थ खत देऊच नये असा मात्र नव्हे. अलीकडे काही भाविक मंडळींच्या बोलण्यात रासायनिक खत म्हणजे जणू पापच, असा सूर येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रदूषणाच्या कारणांत खतांचाही उल्लेख आहे, हे खरे. पण ज्या मुरमाड जमिनीतून आपण दरवर्षी दाणा नेतो, कडबाही नेतो, आणि दावणीची जनावरे घटल्यामुळे शेणखतही परत देत नाही, ती जमीन काय खाणार? आफ्रिकेतील नायजर देशात इक्रिसॅट या संस्थेने बाजरीच्या प्रत्येक ठोंबाशी बाटलीच्या झाकणाएवढे खत देण्याची पद्धत रुजविली. पोत्याने नव्हे, झाकणाने! गरिबाच्या शेतीला असे मोजमाप शोभते. उलट 1965 मध्ये आपल्याकडे बाजरीचे पहिले संकरित वाण आले तेव्हा भरघोस खताचा उत्साह वाढला. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी गोसावी रोगाने त्या संकरित वाणांची दाणादाण उडविली. त्याच सुमारास, 1972 च्या दुष्काळात, महाराष्ट्राने रेशनची लाल मिलो खाल्ली.

शुभवर्तमानात लूकने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण तपःकाळात ऐकतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून धनी झाड तोडावयास सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. त्यावर मी कितीदा प्रवचन केले असेल. पण माळी आधी सभोवार खणणार आहे आणि मग खत घालणार आहे, या क्रमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पॅलेस्टाइनची भूमीही पावसाची वाट पाहणारीच. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात हाच क्रम धरला. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर आणि बांध, त्याबरोबर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. पिकाचे बोलणे नंतर. 1993 मध्ये त्यांच्या पुढाकाराने वॉटर ही पाणलोटाचे काम करणारी संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी अवश्य पाहून यावी.

सासऱ्यांना मी सांगितले ते एवढेच : कर्ज काढू नका. जावईबापूंना म्हणावे, आधी कोळपा चालवा. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे त्या भागातील शेतकरी म्हणतात. भेगा बुजतात, तण जाते, ओल टिकते. चांगला पाऊस झाला तरच युरिया द्या, तोही मोजून. मिश्रखत मुळीच नको. सासऱ्यांना हे फारसे पटले नाही. लेकीच्या संसाराला पैसे नाकारणे बापाला जड जाते. शेवटी घरातले दोन हजार त्यांनी पाठविले, कोळपणीच्या मजुरीसाठी.

पाऊस अकरा दिवसांनी आला. त्यांनी चार एकरांत दोन गोण्या युरिया दिला. बाजरी किती झाली ते आकड्यात मला कळले नाही. पण नाताळच्या आधी एसटीने पीठ आले, त्यातले थोडे पॅरिशच्या घरीही. आमच्या स्वयंपाकघरात भाताचेच हात. भाकरी थापताना चिरते आहे. शिकतो आहोत.