आचाऱ्याचा शेफ

शब्दांवर माझे पोट चालते, त्यामुळे माणसांच्या बढत्यांपेक्षा शब्दांच्या बढत्यांकडे माझे लक्ष अधिक. आमच्या हयातीत सर्वांत मोठी बढती आचाऱ्याला मिळाली. तो शेफ झाला! मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता 'प्रमुख'. त्यात ना चूल, ना झारा. पण रुबाब केवढा!

डोंबिवलीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने हॉटेलचे शिक्षण घ्यायचे ठरवले, तेव्हा त्या गृहस्थांनी तीन दिवस मौन पाळले. चौथ्या दिवशी म्हणाले, "सर, आमच्या घराण्यात आजवर कोणी दुसऱ्यांची पाने वाढली नाहीत हो!" मी भीमाचा दाखला दिला. विराटाघरी तो बल्लव होऊन राबला आणि उत्सवात जीमूत मल्लाशी झुंजलाही. म्हणजे प्रेक्षकांपुढे स्पर्धेत उतरलेला पहिला शेफ तोच! त्यांना पटले नाही.

व्यासांना जमले नाही ते टीव्हीने केले. २०१० साली 'मास्टरशेफ इंडिया' सुरू झाले आणि लखनौच्या पंकज भदौरिया शाळेतली नोकरी सोडून त्यात उतरल्या, जिंकल्या. (आम्हां मास्तरांना तेवढाच दिलासा.) 'मेजवानी'तून घरोघरी पोचलेल्या नागपूरच्या विष्णू मनोहरांनी तर एप्रिल २०१७ मध्ये घड्याळाशीच पैज लावली आणि सलग ५० तासांहून अधिक काळ स्वयंपाक केला. शेजारी आता "चिरंजीव शेफ आहेत" असे आपणहून सांगू लागले. पुढे विचारू लागले, "अरे, तू कधी दिसणार टीव्हीवर?"

गंमत अशी, की 'मास्टरशेफ' ही मूळची घरगुती सुगरणींची आणि हौशी बल्लवांची स्पर्धा. रोज भट्टीपाशी उभे राहणाऱ्याला तिथे पाटच नाही! अमेरिकेत २००६ पासून 'टॉप शेफ'मध्ये मुरलेले व्यावसायिक झुंजतात खरे. पण डोंबिवलीहून ते जरा लांब पडते.

मुलगा ठाण्याच्या एका हॉटेलात लागला. हुद्दा 'कॉमी', आणि पगारही कमीच. पहिले काही महिने कांदे सोलण्यात गेले. मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. स्पर्धेतला पदार्थ एकदाच साधावा लागतो. याला तीच आमटी चाळिसाव्या गिऱ्हाइकालाही पहिल्यासारखीच द्यावी लागते. मला विचाराल तर हेच अधिक कठीण. पण ते पाहायला कॅमेरा कशाला येईल?

दिवाळीच्या पहाटे सारी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून फडके रोडवर लोटते. याने पाच वर्षांत ती गर्दी पाहिलेली नाही. लोकांचा सण म्हणजे याची दुप्पट पाळी. आई चकल्यांचा डबा बाजूला काढून ठेवते.

शेवटच्या लोकलने तो घरी येतो. दार उघडायला वडील जागे असतात. आमची भिंत पातळ. परवा रात्री एकच्या सुमारास पलीकडून आवाज आला, "आज किती पाने झाली रे?"

"दोनशे चाळीस, बाबा."

"बरं. बस, वरणभात गरम करतो."