तबकडीची मागची बाजू

दिवाळीपूर्वीची साफसफाई आमच्याकडे दरवर्षी एकाच कपाटापाशी येऊन अडते. त्या कपाटात तीनशेच्या वर तबकड्या आहेत. "ह्यातल्या किती तू पुन्हा ऐकणार आहेस?" हा सौ.चा प्रश्न. मंडळाच्या गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न त्याहून अवघड: "तुम्ही तर चांगले इंजिनिअर, तुम्हाला हे पंक कुठून लागलं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हणतो.

मास्टर्स करायला मी २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सांगलीहून हॅनोव्हरला आलो. साडेचार वाजता अंधार, पोटात ब्रेड आणि डोक्यात फक्त परीक्षा. त्यातच एकदा रात्रीच्या ट्राममध्ये एका माणसाने माझ्या रंगावरून काहीबाही ऐकवलं. डब्यातली बाकीची मंडळी खिडकीबाहेर बघत राहिली. भाषा नीट येत नव्हती, पण शिवी कळायला व्याकरण लागत नाही. पुढचे काही दिवस मी अंधार पडला की खोलीबाहेर निघालोच नाही.

हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत एक जर्मन मुलगा होता. केस हिरवे, पण भांडी माझ्यापेक्षा स्वच्छ घासायचा. तो म्हणाला, "शनिवारी माझ्याबरोबर चल." विद्यापीठामागच्या नॉर्डश्टाट भागात कॉर्नश्ट्रासे नावाची गल्ली आहे. तिथे सत्तरच्या दशकापासून तरुण मंडळींनी स्वतः चालवलेलं एक केंद्र आहे, सगळे त्याला नुसतं 'कॉर्न' म्हणतात. भिंतीवर इंचभर जागा रिकामी नाही, सगळीकडे पोस्टरं. दारातच लिहिलेलं, की वंशद्वेष्ट्यांना आणि नाझींना आत जागा नाही. मी ते दोनदा वाचलं. ह्या देशात माझ्या बाजूने लिहिलेली पाटी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आत जे चाललं होतं त्याला मी गाणं म्हटलं नसतं. पंक म्हणजे काय, तर तीन सूर, एक गिटार, एक बास, ढोल आणि ओरडणारा माणूस. गाणं दोन मिनिटांत खलास. ज्याला वाजवता येत नाही त्यानेही वाजवायला सुरुवात करावी, हेच त्याचं तत्त्व. समोर पोरं एकमेकांवर आदळत नाचत होती. पण त्यात एक जण खाली पडला आणि पाच हात एकदम खाली गेले. त्याला उभं केलं, चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा धक्काबुक्की सुरू. विसर्जनाच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला ही रीत लगेच कळते.

कार्यक्रम संपल्यावर तोच ओरडणारा माणूस, घामाने निथळत, कोपऱ्यातल्या टेबलामागे येऊन उभा राहिला. टेबलावर टी-शर्ट, बिल्ले आणि सात इंची तबकड्या. "कुठून आलास?" असं विचारून त्याने माझ्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. मी चार युरो देऊन एक तबकडी घेतली. माझ्याकडे ती वाजवायचं यंत्रसुद्धा नव्हतं! ते वसंत ऋतूत आलं, एका म्हातारबाबांकडून, पंधरा युरोला.

तेव्हापासून मी नियम केला: ज्यांना समोर ऐकलं, त्यांचीच तबकडी घ्यायची, आणि त्यांच्या हातूनच. दुकानातून नाही, टपालाने नाही. ते चार युरो त्यांच्या व्हॅनच्या पेट्रोलात जातात. जेवण त्यांना केंद्राची मंडळी घालतात, बहुतेक वेळा राजम्यासारखी उसळ आणि पाव.

आता आतला इंजिनिअर थोडा बोलेल. तबकडी करायची तर आधी मूळ प्लेटवर खाच कोरावी लागते, मग तिच्यावर निकेल चढवून साचा बनवतात आणि गरम प्लॅस्टिकचा गोळा त्या साच्यांत दाबतात. खरा खर्च साच्याचा. तो एका तबकडीला जेवढा, तेवढाच हजारांना. म्हणून पन्नास काढणं परवडत नाही आणि हजार खपत नाहीत. बहुतेक मंडळी तीनशे किंवा पाचशेवर थांबतात. कधी दोन बँड मिळून एक तबकडी काढतात, एक बाजू तुझी, एक माझी, खर्च निम्मा. वेष्टन घरीच छापायचं, त्यावर पेन्सिलने आकडा घालायचा. गाणं संपतं तिथे, लेबलाच्या कडेला, जी कोरी पट्टी उरते, तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं असतं: एखादी थट्टा, एखादी शिवी. दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही.

ही रीत ह्या शहरात जुनी आहे. १९७८ साली इथे तीन मुली आणि दोन मुलांनी 'हान्साप्लास्ट' नावाचा बँड काढला. जखमेवर लावायच्या पट्टीचं ते नाव, मध्ये आडव्या रेघा घालून कोटी केलेली. पुढच्या वर्षी त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता आपली पहिली तबकडी स्वतः काढली. 'नो फन' नावाची छोटी कंपनीही इथलीच. पुढे पोलिसांनी पंक मुलांची नोंदवही ठेवायला घेतली, तिच्या निषेधात 'खाओसटागे', म्हणजे गोंधळाचे दिवस, सुरू झाले. १९९५ साली तर ह्याच नॉर्डश्टाटमध्ये मोठी दंगल झाली. मी आलो तोवर ते पाणी ओसरलं होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शनिवारी सकाळी लाइन नदीच्या काठी, होहेन ऊफरला, जुना बाजार भरतो. समोरच्या काठावर निकी द साँ फालच्या त्या तीन रंगीबेरंगी, गलेलठ्ठ 'नाना' उभ्या आहेत, १९७४ पासून. २००९ मध्ये तिथे एका पेटीत मला जाडजूड काळी तबकडी सापडली. एकाच बाजूला गाणं. दुसरी बाजू कोरी, आणि तिच्यावर उठावात एक पंखवाला देवदूत, हातात लेखणी घेऊन चकतीवर लिहीत बसलेला. खाली नाव: हॅनोव्हर.

मी तिथेच थिजलो. हा देवदूत मी लहानपणी बोटांनी चाचपला होता, सांगलीत, आमच्या वाड्याच्या माळ्यावर!

घरी येऊन वाचत बसलो. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर ह्याच हॅनोव्हरचा, जन्म १८५१. अमेरिकेत जाऊन त्याने १८८७ मध्ये सपाट तबकडीचं पेटंट घेतलं आणि १८९८ मध्ये इथे, जन्मगावी, कारखाना उभा राहिला. १९०२ मध्ये गैसबर्गने कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, ते छापायला आलं हॅनोव्हरला. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, तोवर आपल्याकडचं गाणं बोटीने इथे यायचं आणि तबकडी होऊन परत जायचं. त्या तबकडीत जी लाख लागे, तीही मुख्यतः आपल्याच जंगलांतली. म्हणजे आवाज आपला, लाख आपली, साचा हॅनोव्हरचा.

आमच्या माळ्यावर पणजोबांपासूनच्या चाळीसेक तबकड्या होत्या. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते गाव. नाटक बघायचं आणि मग त्यातल्या पदांची तबकडी मिळेल तेव्हा घ्यायची, ही घरातली चाल. १९९८ मध्ये वाडा पाडायचा ठरला. मी अठरा वर्षांचा होतो, बारावीच्या घाईत. बाबा म्हणाले, "ह्यांचं काय करायचं?" मी म्हणालो, "कॅसेट मिळते की सगळ्याची." आणि मीच ती खोकी जिना उतरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवली. त्याने वजन केलं. एक फुटली, तर तिचे तुकडेसुद्धा तागडीत टाकले.

बाबा २०१२ मध्ये आमच्याकडे आले. माझ्या कपाटातली एक तबकडी काढून त्यांनी वेष्टनावरचा आकडा वाचला: एकशे सतरा, तीनशेपैकी. "ह्या लोकांना तू पाहिलंयस?" म्हणाले. मी म्हटलं, हो, हात मिळवलाय. मग लावली. दोन मिनिटं त्यांनी शांतपणे तो आरडाओरडा ऐकून घेतला. संपल्यावर म्हणाले, "आण्णा पण बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत." आण्णा म्हणजे माझे आजोबा. हातगाडीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता. आता बाबा नाहीत.

बाजारात मी अजून जातो. एकाच बाजूची तबकडी दिसली की उलटून बघतो. जर्मन ऑपेरा सापडतो, लष्करी बँड सापडतो. आपलं एकही अजून सापडलेलं नाही. कॉर्नलाही वर्षातून दोनचारदा जातो. तेरा वर्षांची लेक आता बरोबर यायचं म्हणते, कानात बोळे घालायच्या अटीवर परवानगी दिली आहे. मागच्या वेळी तिने स्वतःच्या पैशांनी एक सात इंची घेतली आणि घरी येऊन आधी दिव्याखाली तिरकी धरून कडेचं अक्षर वाचलं. सौ.ने कपाटात तेवढी जागा करून दिली.

तेव्हा मंडळी, एक विनंती. ह्या सुट्टीत गावाकडे जाल, आणि घर पाडायचं, फ्लॅट घ्यायचा असं बोलणं चाललेलं असेल, तर माळ्यावर एकदा स्वतः चढा. जड, काळी, एकाच बाजूची तबकडी मिळाली तर पुसून मागची बाजू बघा. देवदूत असला, तर भंगारवाल्याला गाडी पुढे न्यायला सांगा.