निघायला काय लागतं

सांगलीत पुराची गोष्ट फुटांत चालते. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका, आणि त्यापुढं प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा. गावभागातल्या आमच्या घराचा आकडा 2005 साली ठरला. त्या वर्षी नदी 53 फुटांच्या पुढं गेली, पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं आणि उतरलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तिथं ऑइलपेंटनं रेघ मारली. ती होती मागच्या पुराची नोंद. पण वर्षं गेली तशी घरात तिचा अर्थ बदलला. नदीनं जणू तिथपर्यंतच यायचं कबूल केलं होतं.

ऑगस्ट 2019 मध्ये मी बेंगळुरूहून दिवसभर फोन करत होतो. कोयना धरणातून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टीतून किती जातंय, सगळं वाचून दाखवत होतो. अण्णांना ते आकडे माझ्याहून जास्त पाठ होते. "चौथ्या पायरीच्या वर येत नाही ते," एवढंच ते म्हणत. त्या पुरात नदी 57 फुटांच्या पुढं गेली.

पण अण्णा निघाले ते रेघ बुडाली म्हणून नव्हे. तळमजल्यावर आमचे जुने भाडेकरू, शिंपीकाम करणारे. गिऱ्हाइकांचे कपडे आणि दोन मशिनी सोडून ते हलेनात. आणि भाडेकरू खाली बसलेला असताना मालक पळाला, असं अण्णांना नको होतं. शेवटी पोरांनी मशिनी वरच्या मजल्यावर चढवल्या, कापडाची गाठोडी माळ्यावर गेली, शिंपीमामा बायकोला घेऊन बाहेर पडले आणि अर्ध्या तासात अण्णांनीही आईला चप्पल घालायला सांगितली. मी दिवसभर पाण्याबद्दल बोलत होतो. अडलं होतं शिलाई मशिनपाशी.

त्यांना उशीर झाला होता, तरी निभावलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला निभावलं नाही. 8 ऑगस्टला तिथं गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट जास्त माणसं भरल्यानं उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. ती माणसं हट्टानं घरात बसलेली नव्हती, निघालेली होती. म्हणून "वेळेत निघायला काय होतं?" असं कुणी शहाणपणानं विचारलं की मला राग येतो. वेळेत निघायचं म्हणजे अंगण कोरडं असताना, शेजारी हसत असताना निघायचं. गोठ्यात जनावर असेल तर तेही जमत नाही. वैरण आणि निवारा कुठं, हे कळल्याशिवाय कुठलाही शेतकरी दावं सोडत नाही. अमेरिकेला हे कॅटरिनाच्या वादळात कळलं. 2005 सालीच, आमच्या रेघेच्या वर्षी, न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येक जण कुत्र्या-मांजरांना सोडून जायचं नाही म्हणून मागं राहिले. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला, की संघराज्याची मदत घेणाऱ्या राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनांनी सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार करायचा.

माझी स्वतःची निघायची वेळ आली ती बेंगळुरूत, आणि इथं रेघ नव्हतीच. या शहराला मोठी नदी नाही. एक तळं भरलं की पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, पुढच्या तळ्यात जायचं, अशी जुन्या लोकांनी रचलेली तळ्यांची साखळी आहे. त्या वाटांवर आम्ही येऊन राहिलो. बेळंदूर-सर्जापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या माझ्या सोसायटीत इथं पूर्वी पाणी कुठवर यायचं हे सांगणारं कुणी नाही, कारण तेव्हा इथं राहणारं आमच्यात कुणी नाही. 4 सप्टेंबर 2022, रविवार. त्या रात्रीच्या पावसाची नोंद 131.6 मिलिमीटर झाली. सकाळी बेसमेंट भरलं होतं. आम्ही पाचव्या मजल्यावर, म्हणजे सांगलीच्या हिशेबानं अमर. पण इमारतीचे पंप, जनरेटर, विजेची पॅनेलं सगळी खाली. तासाभरात लिफ्ट, नळ, दिवे गेले. त्यात टी. के. हळ्ळीचं पंपिंग स्टेशन पाण्यात गेल्यानं शहराच्या बऱ्याच भागांचं कावेरीचं पाणीही बंद झालं. उंचावर राहणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे, हे सांगलीनं मला शिकवलं नव्हतं.

निघावं असं मला आणि बायकोला पटलं होतं. सासूबाईंना नाही. आदल्या दिवशी गौरीपूजन झालेलं, सोमवारी विसर्जन. "गौरी घरात असताना कुलूप लावायचं?" त्यांचे गुडघे, इन्सुलिन ठेवायला बंद पडलेला फ्रिज, खालून जाणारे ट्रॅक्टर आणि बोटी, सगळं दाखवून झालं. मग बायकोनं वाद सोडला आणि कुकर लावला. दहीभाताचा नैवेद्य, आरती, अक्षता टाकून मुखवटे हलवले. आमचा गणपती गौरींबरोबरच जातो. पिण्यासाठी राखलेल्या पाण्यातल्या एका बादलीत त्याला निरोप दिला. खाली कमरेएवढं पाणी असताना वर त्या बादलीचा हिशेब चालला होता. विसर्जन झालं, तशा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "चला. आता घर रिकामंच आहे." पाच मजले त्या बसत-बसत उतरल्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढल्या. मी तोवर चिडलेलो होतो. पण आता वाटतं, तो नैवेद्य झाला नसता तर त्या उतरल्याच नसत्या.

आम्ही नातेवाइकांकडं गेलो, पुष्कळ जण हॉटेलात गेले. सोसायटीच्या भिंतीमागच्या पत्र्याच्या खोल्यांतली, आमच्याकडं कामाला येणारी बाई गेली नाही. ती रायचूरकडची. दोन रात्री तिनं पलंगावर पलंग चढवून काढल्या. आधारकार्ड, रेशनकार्ड, मुलीचे शाळेचे दाखले एका पत्र्याच्या पेटीत. आणि खोली सोडली तर मालक दुसऱ्याला देईल, डिपॉझिटही बुडेल, ही भीती. तिला कुणी हट्टी म्हणालं नाही. तिच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी सोसायटीनं आराखडा केला. वाळूची पोती, पंप वर उचलणं, फोन नंबर. मी म्हटलं, एक रकाना वाढवा: तुम्हाला घर सोडता येणार नाही असं काय आहे? लोक हसले, पण लिहिलं. मांजरं बरीच निघाली. एका घरात वडिलांचा ऑक्सिजन, एकीकडं बाळंतीण. एका तरुणानं लिहिलं, ऑफिसचा लॅपटॉप, आणि तो थट्टा करत नव्हता. भिंतीमागच्या खोल्या यादीत नाहीत, कारण त्या सोसायटीच्या हद्दीत नाहीत. बाईची पेटी जूनपासून आमच्या माळ्यावर येते, कुलूप तिचं, किल्ली तिच्याकडं. मालकाकडं अडकलेल्या डिपॉझिटचं काय करायचं, ते अजून आमच्यापैकी कुणाला सुचलेलं नाही.