खुंट्या

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या! गिटारच्या ट्यूनर्सना मराठीत काय म्हणतात, ते आईलाच फोनवर विचारलं. ‘तंबोऱ्याला खुंट्या असतात, तुझ्या गिटारलाही त्याच,’ ती म्हणाली. चष्म्यासाठी दिलेले अडीच हजार त्या खुंट्यांवरच उडवलेत, हे मात्र सांगवलं नाही.

गॅदरिंगला गिटारने दगा दिला होता. बेंड मारला की ‘जी’ची तार उतरायची. म्हणून लॉकिंग ट्यूनर्स आणले, १८:१ गिअर रेशोचे. बटण १८ वेळा फिरवा, तेव्हा खुंटी एकदा फिरणार. आपलं वर्म गिअरच की! पण जुनी भोकं लहान, नव्यांना हवीत १० मिमी. ड्रिल लावणार एवढ्यात वर्कशॉपचे काका ओरडले, ‘अगं, लाकूड फाटेल! गोल कानस घे.’ सहा भोकं, दोन तास. फर्स्ट इयरच्या फिटिंग जॉबवर इतकी घासली असती तर!

रात्री तारा चढवल्या. एक बेंड, आणि ‘जी’ परत खाली. रडूच आलं. बटण पिळताना मग ‘टिक्’ ऐकू आलं. तार नटच्या खाचेत अडकत होती. (नट म्हणजे बोल्टवाला नव्हे, गिटारच्या मानेच्या टोकाची पांढरी पट्टी.) रूममेटची पेन्सिल खाचेत घासली, ग्राफाइट बसलं, तार सुटली.

जुन्या खुंट्या बिचाऱ्या निर्दोष. भोकं मोठी झाल्याने परत लावताही येत नाहीत.

सध्या पहिल्या बाकावर बसते. फळा तरीही धूसरच. आई, हा अंक तुला पाठवतेय.