नखुल्यांवर मटण

बोलोन्याच्या लोकांनी आपला रगू, म्हणजे पास्त्यावर घालायचा मांसाचा दाट सॉस, सातबाऱ्यासारखा जपला आहे. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटलीच्या पाककला अकादमीने त्याची कृती तिथल्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवली. (आमच्या येसूर मसाल्याची अशी नोंद करायची ठरली तर एकट्या सेलू गावात घराघरांत भांडणं लागतील.) गंमत अशी, की पाककृतीकार आर्तूझीच्या १८९१च्या पुस्तकात बोलोन्याच्या मॅकरोनीचा जो सॉस आहे, त्यात टोमॅटोच नाही. तेव्हा मीही थोडी मोकळीक घेते.

खाटकाला आधीच सांगायचं, खिमा यंत्रातून नको. बोकडाच्या मानेचं आणि खांद्याचं मटण हवं, सत्तुराने बारीक केलेलं. लोक रानासाठी अडून बसतात, पण ते मऊ मटण इथे वाया जातं. मानेतल्या चिवट पांढऱ्या पडद्यांत कोलॅजन असतं, आणि मंद आचेवर तास-दोन तासांनी त्याचं जिलेटिन होऊ लागतं. सॉस ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळेच. कुकरच्या शिट्ट्यांनी मटण शिजतं, पण पाणी आटत नाही; आणि अर्धी चव आटण्यात असते.

कांदा, गाजर आणि सेलरीच्या जागी कोथिंबिरीचे देठ तेलात मऊ पडू द्यायचे. मग खिमा. तो आधी पाणी सोडतो, पातेलं खदखदतं. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर सुरू होते आणि बुडाला तांबूस खरपुडी धरते. ती उलथन्याने खरवडून त्यातच मिसळायची. टोमॅटो, मीठ, मिरे, वाटीभर दूध, आणि गॅस अगदी बारीक. दूध पाहून आत्याबाई दचकल्या. "मटनात दूध घालायलीस का गं?" त्यांना बोलोन्याचं दप्तर दाखवून काय उपयोग!

पास्त्यासाठी मात्र दुकानात जावंसं वाटेना. फळीवरच्या डब्यात नखुले होते, नखाने चिमटून केलेले, उन्हात वाळवलेले, लेकीच्या रुखवतातून उरलेले. शेजारी बोटवे. गव्हाचा इतका सुबक पास्ता घरोघरी होतो, पण तो दूध, तूप, गुळाशीच खायचा असा जणू नेमच. मटणाची चूल बऱ्याच घरांत अंगणात, पातेलंही वेगळं. ते काम पुरुषांच्या हाती. नखुले माजघरातले. दोघांची गाठ पडणार कशी?

मिठाच्या पाण्यात उकडले, दाताखाली जरा करकरीत असतानाच उपसले आणि सॉसमध्ये घोळले. प्रत्येक नखुल्याच्या खोलगट पोटात थोडा खिमा अडकला होता. लेकीच्या लग्नात ते वळायला बसलेल्या आत्याबाईंनी एक नखुला चमच्यात उलटासुलटा करून पाहिला, मग ताट जवळ ओढलं.

"कालवण झालंय बरं," त्या म्हणाल्या. "भाकरी हाय का? आन् पुढच्या खेपेला येसूर घाल."